गादी, सुई आणि उसाचं बिल

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात गुडघेदुखीलाही हंगाम असतो. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगरचा छत्रपती, कारखान्याचं बिल खात्यावर पडलं की आठ-पंधरा दिवसांत आमच्या ओपीडीतली बाकडी भरतात. दुखणं जुनंच असतं, पैसा तेवढा नवा. उकिडवं बसून धारा काढलेले, वाफ्यात बसून खुरपलेले, वैरणीच्या भाऱ्याखाली वाकलेले गुडघे वर्षभर तेल, पट्टा आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर ढकललेले असतात. सोसायटीचं देणं भागलं, पोरीचं लग्न उरकलं, की मग गुडघ्याचा नंबर लागतो. हे गणित आम्हा हाडांच्या डॉक्टरांना कळायला काही वर्षं गेली. गुडघ्याची इंजेक्शनं विकणाऱ्यांना ते फार आधी कळलं होतं.

म्हणून तर त्यांची शिबिरं बरोबर त्याच दिवसांत लागतात. लग्नाची तिथी नसली की मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं. रिक्षावर भोंगा फिरतो. फ्लेक्सवर एका बाजूला झिजलेला लालभडक गुडघा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत निळा, आणि खाली ओळ: स्टेम सेल उपचाराने गादी पुन्हा तयार करा, ऑपरेशन नाही, टाका नाही, तपासणी मोफत. मोफत काय ते तेवढंच.

अशाच एका शिबिराहून फिरून आलेले एक आबा आठवतात. वालचंदनगरच्या कंपनीत उभी हयात फिटर म्हणून काढलेली, त्यामुळे कागदपत्रं फायलीत तारीखवार लावलेली. बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, स्टीमशेल करून घेतलं. सहा म्हैने झाले. काय फरक न्हाय."

"पेशी कुठून काढल्या, आबा?"

"दंडातनं रक्त घेतलं, मशिनीत गरगर फिरवलं, आन् अर्ध्या तासात गुडघ्यात टोचलं."

मी फाइल चाळली. बिलावर नुसतं 'बायोलॉजिकल इंजेक्शन' लिहिलेलं, रक्कम लाखाच्या जवळ. शेवटच्या पानामागे मात्र कोणीतरी नर्सने सवयीने ट्यूबचा स्टिकर चिकटवून ठेवला होता आणि तो काढायचा राहून गेला होता. त्यावर स्वच्छ छापलेलं होतं: पीआरपी. म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्ताचा भाग. प्लेटलेटला स्वतःचं केंद्रकसुद्धा नसतं. तिच्यातून दुसरी पेशी जन्माला येण्याचा प्रश्नच नाही. पीआरपी मीही देतो. काहींना काही महिने बरं वाटतं, काहींना नाही. पण देताना त्याला पीआरपी म्हणतो आणि पीआरपीचेच पैसे घेतो.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ स्टिकरकडे बघत राहिले. ज्या कंपनीत इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात तिथला माणूस तो, मापात बोलणारा. म्हणाले, "मला तवाच शंका आलती. बुश झिजला की बुश बदलायचा. टोचून बुश उगवतोय व्हय?"

आबांचं म्हणणं जवळजवळ खरं आहे. 'जवळजवळ' म्हणतो, कारण जो भाग खरा नाही तो मी ऑपरेशन थिएटरात उभा राहून पाहिला आहे.

आधी गादीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिची जाडी दोन ते चार मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. तिच्या पेशी आकारमानाने अगदी थोड्या, बाकी सगळा कोलॅजन आणि पाण्याने फुगलेला गर. पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून. रक्त पोचत नाही म्हणून जखम भरत नाही, आणि मज्जातंतू नाही म्हणून झिजताना दुखत नाही. दुखायला लागतं ते खालचं हाड आणि भोवतीचं अस्तर चिडल्यावर. तोवर निम्मी लढाई हरलेली असते. लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ सालीच रॉयल सोसायटीपुढे सांगून ठेवलं होतं की एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही. पुढची दोनशेहून जास्त वर्षं त्याला खोटं ठरवणारा कोणी भेटला नाही.

ते धाडस झालं स्वीडनमध्ये. गोथेनबर्गच्या लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांनी १९८७ साली रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चेचा कपचा काढून, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्याच गुडघ्यातल्या खड्ड्यात परत बसवल्या. १९९४ मध्ये त्यांनी पहिल्या २३ रुग्णांचा हिशेब जाहीर केला. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना चांगला गुण आला होता. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या ७ जणांत फक्त दोघांना. जाहिरातवाल्यांनी हा दुसरा आकडा कधी वाचला नसावा.

या पेशी स्टेम सेल नव्हेत, कूर्चेच्या तयार पेशी. पण गादी खरोखर लावायची म्हटली तर आजही सगळ्यात जुना आणि पारखलेला रस्ता हाच. आणि गंमत अशी, की तो आपल्या पुणे जिल्ह्यातूनच जातो. पेशी जिवंत ठेवून वाढवायची विद्या पुण्यात नवी नाही. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र १९८०च्या दशकापासून त्याच कामात आहे. आणि रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीचं पेशी वाढवण्याचं केंद्र लोणावळ्याला. त्यांच्या 'कार्टिग्रो' या उत्पादनाला देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१७ साली मान्यता दिली. चिक्कीच्या गावात गुडघ्याची गादी वाढते हे मी पेशंटना सांगतो, तेव्हा त्यांना मी चेष्टा करतोय असंच वाटतं.

थिएटरात मी जे पाहिलं ते एका पैलवानाच्या गुडघ्यात. इंदापूर तालुक्यातला, विशीतला, मॅटवर खेळणारा. डाव मारताना पाय अडकला, गुडघा पिळवटला आणि मांडीच्या हाडावरची कूर्चा एका जागी खरवडून गेली. बाकी गुडघा कोरा करकरीत. या उपचाराला असाच गुडघा लागतो: वय कमी, खड्डा एकच, त्याच्या कडा शाबूत आणि पाय सरळ. मी त्याला पुण्याला धाडलं आणि दोन्ही ऑपरेशनांच्या वेळी मदतनीस म्हणून मीही उभा राहिलो.

पहिल्या वेळचं काम छोटं. दुर्बिणीतून गुडघ्यात शिरायचं आणि जिथे भार येत नाही अशा कडेचा पाव ग्रॅमच्या आसपास कपचा उचलायचा. तो पोषक द्रवाच्या बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत, पेटीत तापमान नोंदवणारं यंत्र. दोन ते आठ अंश सेल्सिअस, यापलीकडे काटा गेला की खेळ खलास. त्याआधी एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या हव्यातच, नाहीतर प्रयोगशाळा पेटी दारातूनच परत पाठवते. तिथे विकरं घालून कपचा विरघळवतात, पेशी सुट्या करतात आणि ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या कपाटात त्यांना वाढू देतात. काही लाख पेशींच्या कोटीच्या घरात जायला चार-पाच आठवडे लागतात. मधे जिवाणू शिरला तर सगळी बॅच ओतून द्यायची आणि पेशंटला सांगायचं, पुन्हा एक कपचा द्यावा लागेल. हा फोन करायचं काम कोणालाच नको असतं.

त्या काळात पैलवानाचे वस्ताद दर दोन-तीन दिवसांनी मला विचारायचे, "डॉक्टरसाहेब, आमचं बियाणं उगवलं का?" कपाटाशेजारी वस्तादांना बसवलं असतं तर त्यांनी पेशींना शड्डू ठोकायला लावला असता.

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी थिएटरातलं वातावरण एरवीपेक्षा वेगळं होतं. सांधेरोपणात रोपण कपाटात असतं; एक खाली पडलं तर दुसरं काढतात. इथे दुसरं नसतं. भूलतज्ज्ञ सिरिंज भरून थांबलेल्या. पेटी येऊन उघडेपर्यंत पेशंटला भूल द्यायची नाही हा नियम. पेटी आली तेव्हा आधी तापमानाची नोंद वाचली, मग कुपीवरचं लेबल. एका सिस्टरने मोठ्याने नाव, वय, बॅच क्रमांक, उजवा की डावा हे वाचायचं. दुसरीने केसपेपर हातात धरून प्रत्येक शब्दाला 'बरोबर' म्हणायचं. त्या दिवशी 'उजवा' वाचल्यावर दुसरी क्षणभर थांबली. केसपेपरवरच्या अक्षराला 'डा' म्हणावं की 'उ' हे तिला कळेना. लिहिणारा डॉक्टर होता हे वेगळं सांगायला नको. शेवटी पैलवानालाच विचारलं. त्याने मुकाट्याने उजवा पाय उचलला. मग सगळ्यांनी श्वास सोडला, आणि केसपेपर पुन्हा ठळक अक्षरांत लिहिला गेला.

कुपीत पाहिलं तर काय, तळाशी पांढुरका गाळ. महिन्याभराची मेहनत आणि एका पोराचं करिअर त्या गाळात. कुपी हलवायची नाही, नुसती कलंडवत राहायची. जोरात हलवली तर पेशी मरतात. जाड सुईने हलक्या हाताने ओढून घेतलेल्या पेशी फायब्रिनच्या गोंदात मिसळल्या आणि साफ करून ठेवलेल्या खड्ड्यात भरल्या. गोंद आळायला काही मिनिटं जातात. तेवढा वेळ गुडघा असा धरून ठेवायचा की खड्ड्याचं तोंड वर राहील. ते धरायचं काम माझ्याकडे. पैलवानाची मांडी म्हणजे काय वजन असतं ते मला त्या दिवशी कळलं. मग सर्जननी गुडघा चार-पाच वेळा वाकवून सरळ केला, भरलेला भाग जागचा हलला नाही हे पाहिलं आणि टाके घातले.

खरी परीक्षा पुढे होती. सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही. आणि सहा आठवड्यांच्या आत गावची जत्रा, कुस्त्यांचा फड. पोरगं कुबड्या टाकून आखाड्याकडे निघणार हे वस्तादांनी ओळखलं आणि तालमीतले दोन गडी त्याच्या खोलीबाहेर बसवले. माझ्या सल्ल्यापेक्षा त्या दोघांचा उपयोग जास्त झाला. दीडेक वर्षाने पोरगा मॅटवर परतला. खोल बैठका मात्र मी बंद ठेवल्या. तो पुन्हा तितकाच चपळ झाला का? वस्तादांचं मत आहे, नाही. त्याचं मत आहे, झालो. एमआरआयवर खड्डा भरलेला दिसतो, एवढं मी सांगू शकतो.

आता खऱ्याखुऱ्या स्टेम सेलकडे. त्यांचा पत्ता अस्थिमज्जा. कमरेच्या हाडातून मज्जा ओढून, यंत्रात फिरवून लगेच टोचणारे बरेच आहेत. पण मज्जेतल्या पेशींमध्ये अशा मूळ पेशी दहा हजारांत एक ते लाखात एक इतक्याच. प्रयोगशाळेत वाढवल्याशिवाय त्या मोजण्याइतक्या होत नाहीत. त्यामुळे 'आज काढलं, आज टोचलं, कोट्यवधी स्टेम सेल' असं कोणी म्हणालं की मी कोटीवरची शून्यं मनातल्या मनात खोडतो.

वाढवून दिलेल्या पेशींचं एक भारतीय उत्पादन आहे: बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं 'स्टेमप्युसेल'. निरोगी तरुण दात्यांच्या मज्जेतून काढलेल्या, एकत्र वाढवलेल्या आणि द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात साठवलेल्या पेशी. एक्स-रेवर दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या गुडघ्याच्या झिजेसाठी औषध महानियंत्रकांनी २०२२ साली त्याला परवानगी दिली. मात्रा अडीच कोटी पेशींची, सुई एकदाच.

निमगाव केतकीकडच्या एका माळकरी आजींचा नातू याची चौकशी करत आला. गुडघे तिसऱ्या श्रेणीत, आजींना परवडणारं, आणि मुख्य म्हणजे आजींच्या मनात एकच: तुकोबांची पालखी इंदापुरात आली की तिथून पुढे चालत जायचं. मी सगळं समजावलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कुणाच्या हाडातलं म्हनायचं?"

"दात्यांच्या. निरोगी माणसं असतात, सगळ्या तपासण्या करून घेतात."

"ते खरं. पर माळकरी हायत का?"

वैद्यकीय महाविद्यालयात या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत. बारामतीत २०१९ पासून शासकीय महाविद्यालय झालंय, तिथल्या मुलांनाही कोणी शिकवणार नाही. मी म्हणालो, "आजी, हाडाच्या आतला मगज आहे, तो मटण खात नाही." नातू तोंड फिरवून हसला. आजी मात्र घरी गेल्या, चार दिवस विचार केला, त्यांच्या फडावरच्या महाराजांना विचारलं, आणि 'दान दिलेलं हाय, चालतंय' असा निकाल घेऊन आल्या.

ठरलेल्या दिवशी नायट्रोजनचं धुरकट पिंप दवाखान्यात आलं तेव्हा मावशींपासून फार्मासिस्टपर्यंत सगळे बघायला गोळा झाले. कुपी बाहेर काढायची, कोमट पाण्यात वितळवायची आणि वितळल्यावर वेळ घालवायचा नाही. फोन वाजला तरी घ्यायचा नाही, हे मी आधीच बजावलं होतं. सोनोग्राफीत बघत सुई सांध्यात, पेशी आत, पाठोपाठ वंगणाचं इंजेक्शन. सगळं उरकलं तरी आजी विचारत होत्या, "झालं व्हय?"

पुढच्या आषाढात आजी इंदापुरापासून चालल्या, काही टप्पे टेम्पोत बसून. दुखणं बरंच कमी आहे म्हणतात. एक्स-रे मात्र होता तसाच. आणि एका आजींवरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पांडुरंगाचा वाटा किती आणि सुईचा किती हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून चाचणीकडे बघावं. या पेशींची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतातच १४६ रुग्णांवर झाली. वर्षभरानंतर पेशी मिळालेल्यांच्या वेदना आणि ताठरपणा पेशी न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाला. एमआरआयवर दुसऱ्या गटाची कूर्चा बिघडत गेली, यांची फारशी बिघडली नाही. नीट वाचा: बिघडली नाही. नवी उगवली असं तिथे कोणी म्हटलेलं नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे अर्नोल्ड कॅप्लन, ज्यांनी १९९१ साली या पेशींना स्टेम सेल म्हणायला सुरुवात केली, तेच पुढे सांगू लागले की या पेशी शरीरात जाऊन नवा अवयव बनत नाहीत. सूज आणि झीज कमी करणारी रसायनं सोडतात आणि निघून जातात. फ्लेक्सवरचा निळा गुळगुळीत गुडघा या शोधाच्या आसपासही कुठे नाही.

आमच्या धंद्यातली आतली गोष्ट अशी की सुई देण्यात फार अक्कल लागत नाही, नाही म्हणण्यात लागते. बिलाच्या हंगामात येणारे निम्म्याहून जास्त गुडघे चौथ्या श्रेणीचे असतात. एक्स-रेवर हाडाला हाड टेकलेलं, पाय धनुकलीसारखे वाकलेले. तिथे कुठलीच पेशी काही करत नाही. तिथे आबांचाच कायदा: बुश बदला. सांधेरोपणाच्या रोपणाची किंमत सरकारने २०१७च्या ऑगस्टमध्ये बांधून दिली. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर ठरली. शिबिरातली 'बिनऑपरेशन' सुई दोन्ही गुडघ्यांना घेतली की कित्येकदा त्याहून महाग पडते. आबांना पडली होती.

नाही म्हणण्याचा तोटाही होतो, तो लपवत नाही. एकदा एक गृहस्थ टाय लावून आले. म्हणाले, "साहेब, शिबिर आम्ही भरवतो, मशीन आमचं, माणसं आमची. तुम्ही फक्त खुर्चीत बसा आणि नाव द्या. पेशंटमागे तुमचं काय ते बघू." कट प्रॅक्टिसला इतकं गोड बोलताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. मी नकार दिला. पुढच्याच महिन्यात तो फ्लेक्स शेजारच्या गावात लागला, दुसऱ्या कोणाच्या फोटोसकट. माझ्याकडून 'नाही' ऐकून गेलेले काही पेशंट तिथल्या रांगेत असल्याचं मला कळलं. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा हो म्हणणारा केव्हाही लाडका.

कायदा मात्र गोंधळलेला नाही. २०१९च्या नव्या औषधांच्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन हे 'नवं औषध' धरलं आहे. परवानगीशिवाय ते विकता येत नाही. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सिद्ध न झालेला स्टेम सेल उपचार चाचणीबाहेर देता येत नाही, आणि चाचणीचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. मंगल कार्यालयापर्यंत हे कागद पोचत नाहीत, एवढंच.

तेव्हा येत्या हंगामात बिल जमा झालं आणि भोंगा तुमच्या गल्लीत आला, तर आधी एक्स-रे काढा, तोही उभं राहून, आणि श्रेणी कितवी ते कागदावर लिहून मागा. कुपीवरचं नाव आणि परवाना बघा, स्टिकर फाइलला लावून घ्या. कोणी म्हणालं की ही संशोधनाची चाचणी आहे, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक विचारा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. आणि चाचणी म्हणून वर पैसे मागितले, तर चहा आलेला असला तरी उठून घरी या.